ठेंगण्या सिस्टरचे दार

मित्रांनो, या खोलीत शिरताच डाव्या हाताला काचेमागे जे काळपट, जाडजूड लाकूड उभे केलेले दिसते, ते मी. मी एक जुने दार आहे. माझी कडी निम्मी तुटलेली आहे, बिजागऱ्यांच्या जागी नुसती भोके उरली आहेत आणि मधल्या फळीवर कुऱ्हाडीचे घाव आहेत. ते घाव पाहायला लोक लांबून येतात. कोणी क्रूसाची खूण करतात, कोणी फोटो काढतात आणि पुढच्या काचेकडे वळतात. तिथे सिस्टरांची जपमाळ ठेवली आहे. मोठ्या माणसांना नेहमीच कुठेतरी वेळेत पोचायचे असते. तुम्ही जरा थांबा. हे घाव कोणी घातले, आणि दार असून मी चौकटीतून खाली का उतरले, ते तुम्हाला सांगते.

मला एका सुताराने सूतगिरणीच्या गोदामासाठी घडवले. मालकाने त्याला बजावले होते, की आत महागाचे सूत राहणार आहे, चोराचा हात आत जाता कामा नये. म्हणून सुताराने मला मुद्दाम अरुंद केले. एका वेळी एकच माणूस आत जाईल, एवढेच. फळ्या मात्र टणक निवडल्या. रंधा मारून त्या एकमेकींना अशा भिडवल्या, की मधून वारासुद्धा जाऊ नये. पाठीमागे आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि आतून लोखंडी अडसर बसवला. काम झाल्यावर त्याने माझ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "आता कोणाला आत शिरायचंच असेल तर भिंत फोडावी लागेल." मला फार अभिमान वाटला. आपले काम अडवण्याचे आहे, हे मी त्या थापेबरोबरच शिकले.

पुष्कळ वर्षे मी ते इमानेइतबारे केले. मग गिरणी रेल्वेच्या रुळांजवळ हलली आणि गोदाम रिकामे पडले. माझ्या कुलपावर गंज चढला, चौकटीत कोळ्यांनी संसार थाटले. आत राखण्यासारखे काही उरले नव्हते, तरी मी आपले उभे होते. निवृत्त पहारेकरी सवयीने फाटकाशी जाऊन बसतो ना, तसे.

अशात एका हिवाळ्याच्या तोंडावर आमच्या गल्लीत ताप शिरला.

गल्ली होती रंगाच्या कारखान्यात आणि गिरणीत काम करणाऱ्यांची. दोन्ही बाजूंना उंच, अंगाने बारीक इमारती, प्रत्येक मजल्यावर एकेक खोलीचे संसार, आणि मधून वाहणारे गटार. त्याचे पाणी कारखान्यातल्या रंगाप्रमाणे कधी निळे, कधी लाल असायचे. ताप आला की अंगावर पुरळ उठायचे, माणूस बरळायला लागायचा आणि आठवड्याभरात एक तर उठायचा, नाहीतर जायचा. लोक घाबरून गेले होते. ज्याच्या घरात ताप आला, त्याला शेजारी पाणी देईनात. शिलाईकाम करणारी एक बाई माझ्या समोरच्या पायरीवर आपल्या अंथरुणासकट आणून ठेवलेली मी पाहिली. तिला तिथे ठेवणारी तिची सख्खी जाऊ होती. ती रडत होती, पण मागे वळून न पाहता चढून गेली.

त्याच सकाळी सिस्टर आल्या. टेकडीवरच्या कॉन्व्हेंटमध्ये त्या चांगल्या घरच्या मुलींना गणित शिकवत. अंगाने किरकोळ, उंचीने इतक्या लहान की त्यांचे डोके जेमतेम माझ्या कडीला लागे. हातावर एक करडे कांबळे टाकलेले असायचे. गल्लीने त्यांचे नाव ठेवले 'ठेंगणी सिस्टर', आणि पुढे सगळे शहर तसेच म्हणू लागले. त्यांनी गिरणीच्या मालकाकडून माझी किल्ली मागून आणली होती. किल्ली फिरली, पण मी हलले नाही. लाकूड फुगले होते. त्यांनी खांदा लावला, मग पाठ लावली. शेवटी त्या उंबऱ्यावर बसल्या आणि स्वतःशीच हसल्या.

तेवढ्यात एक धिप्पाड बाई धुण्याचे बोचके घेऊन तिथून चालली होती. ती विधवा होती, लोकांचे कपडे धुऊन पोट भरायची. तिने बोचके खाली ठेवले, मला एक सणसणीत लाथ घातली, आणि मी उघडले.

"एवढं काय आहे आत?" तिने विचारले.

"काहीच नाही," सिस्टर म्हणाल्या. "म्हणूनच हवं आहे."

पायरीवरच्या शिवणाऱ्या बाईला त्या दोघींनी मिळून आत आणले. माझ्यातून आत गेलेली ती पहिली आजारी. संध्याकाळपर्यंत आणखी आले. धुणेवाली मावशी जी आत शिरली, ती पुन्हा घरी गेलीच नाही. सुताच्या रिकाम्या पेट्या उलट्या मांडून त्यांच्या खाटा झाल्या. भिंतींना चुना लागला. सिस्टर रोज बाजारात कांबळे पसरून उभ्या राहत आणि लोक टाकतील ते घेऊन येत. शिळा पाव, जुन्या चादरी, कधी नुसत्याच शिव्या. मावशी डोके धरून म्हणे, "सिस्टर, तुमचा देव भला आहे, पण त्याला न सांगता पाहुणे आणायची फार वाईट खोड आहे."

मित्रांनो, मला तेव्हा ते आवडले नव्हते, हे लपवून काय करू? सारखी उघडझाप. चिखलाचे पाय. ज्यांना सगळ्यांनी बाहेर काढले, तेच नेमके आत. हे असले काम मला कोणी शिकवले नव्हते.

माझ्या बरोबर समोर, तिसऱ्या मजल्यावर, रंगाच्या कारखान्याचा मुकादम राहायचा. त्याचे हात कोपरापर्यंत निळे असत, कितीही धुतले तरी. त्याची दोन्ही मुले त्या तापाने गेली होती, आणि बायकोला आता दिवस भरत आले होते. ज्याला ताप येईल त्याने त्याच दिवशी गल्ली सोडायची, हा नियम त्यानेच सगळ्यांकडून कबूल करून घेतला होता. आणि इकडे सिस्टर दुसऱ्या गल्ल्यांतले तापकरी उचलून त्याच्या खिडकीसमोर आणत होत्या.

पहिल्यांदा तो नीट बोलायला आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"सिस्टर, तुम्ही हे पुण्याचं काम करा, मी नाही म्हणत नाही. पण इथे नको."

"मग कुठे करू, मुकादम? जिथे विचारते तिथे हेच सांगतात."

"ते मला माहीत नाही. माझी दोन पोरं गेली. आता तिसरं यायचं आहे. तुम्हाला पोरं नाहीत, तुम्हाला नाही कळायचं."

सिस्टर उंबऱ्यापाशी आल्या. मग म्हणाल्या, "तुमची भीती खरी आहे. पण आत जे पडलेत त्यांना उचलून मी कुठे ठेवू, ते मला सांगता आलं तर सांगा."

तो वळला आणि गेला.

पुढच्या खेपेला तो एकटा आला नाही. गल्लीतले पुरुष, काही बायका, आणि सगळ्यांच्या पुढे कोपऱ्यावरचा पाववाला. पाववाल्याचा आवाज भट्टीसारखाच तापट होता. सिस्टरांनी मला लावून घेतले आणि अडसर टाकला. आधी दगड आले. मग कुऱ्हाड आली. मुकादमाने ती दोन्ही हातांनी उचलून माझ्या मधल्या फळीत घातली. पुन्हा उपसली, पुन्हा घातली. आत आजारी माणसे भिंतीला चिकटली. मावशी हातात उकळत्या पाण्याचे भांडे घेऊन उभी होती. सिस्टरांनी ते भांडे तिच्या हातातून काढून घेतले आणि पाठ मला टेकवली. प्रत्येक घाव माझ्यातून त्या छोट्याशा पाठीपर्यंत पोचत होता. तोंडाने त्या प्रार्थना म्हणत होत्या.

माझ्या फळ्या टिकल्या. मुकादम दमला.

"उद्या कारखान्याचा भोंगा झाला की आम्ही येऊ," तो बाहेरून म्हणाला. "तोवर हलवा सगळ्यांना. नाहीतर रॉकेल टाकून पेटवू. लाकूडच आहे शेवटी."

सकाळी मावशी शहरभर पायपीट करून आली. नगरपालिकेने सांगितले, तापाच्या गल्लीत गाडी पाठवता येणार नाही. कॉन्व्हेंटच्या मदरांनी निरोप दिला, की सिस्टरांनी आजच्या आज परत यावे, आजाऱ्यांचे काय ते प्रभू पाहील. सिस्टरांनी निरोप ऐकला आणि विचारले, "प्रभू पाहील, पण कोणाच्या डोळ्यांनी, ते मदरांनी सांगितलं का?"

"नाही," मावशी म्हणाली.

"मग मी थांबते."

दुपार झाली. आत एक कोळशेवाला होता. ताप उतरून त्याला नुकतेच उठून बसता येऊ लागले होते. तो पेटीवर बसून पाव पाण्यात बुडवून खात होता. अशात माझ्यावर कोणीतरी हळूच टकटक केले. बोटाच्या पेरांनी, बाहेर कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने. मावशीने फटीतून पाहिले आणि दोन पावले मागे सरली.

बाहेर मुकादम होता. तोंड पांढरेफटक.

"ती तापली आहे," तो म्हणाला. "कालपासून. मी कोणाला सांगितलं नाही. आणि आता कळा सुरू झाल्यात. रक्त जातंय."

"सुईण?"

"पुरळ बघून जिन्यातूनच परत गेली. म्हणाली, बाईला आडवीच ठेवा, बसवलंत तर हातची जाईल." तो माझ्या चौकटीला धरून उभा होता. "सिस्टर, मी तिला खाली आणली तर लोक बघतील. संध्याकाळी ते इथे येणार आहेत. मीच बोलावलंय त्यांना."

मावशी काहीतरी जिव्हारी लागेल असे बोलणार होती. सिस्टरांनी तिच्या दंडावर हात ठेवला.

"तिला इथे आणू. स्ट्रेचर तर नाही. तुमची खाट जिन्यात वळेल?"

"नाही वळत. पोरांच्या वेळी... नाही वळत."

"एखादी सपाट, जाड फळी? तुमच्या खोलीचं दार?"

"पत्र्याचं आहे. माणूस ठेवला की दुमडेल."

मग सिस्टर वळल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, इतकी वर्षे माझ्यातून माणसे गेली-आली, पण माझ्याकडे असे कोणी पाहिले नव्हते. वरपासून खालपर्यंत, रुंदी डोळ्यांनी मोजत.

मावशीला समजले. "सिस्टर, ते सोडून काहीही करा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "भोंगा व्हायला किती वेळ राहिलाय? हे काढलं तर यांना अडवायला काय उरतं? आत एवढी माणसं पडलीत. ह्याच्या एका बाईसाठी?"

"ती दुसरीकडे कुठे जाणार, ते तू सांग."

मावशी आतून हातोडा घेऊन आली.

बिजागऱ्यांच्या खुंट्या गंजून एक झाल्या होत्या. कोळशेवाला उठला. सिस्टर म्हणाल्या, "तुझ्यात ताकद नाही अजून." तो म्हणाला, "वजन उचलायची कला आहे माझ्याकडे, ताकद नंतर येईल." मग सिस्टर म्हणाल्या, "चौथा माणूस लागेलच. येशील?" तो आला. मुकादमाने काल ज्या कुऱ्हाडीने मला मारले होते, ती घरून आणली आणि तिच्याच पात्याने वरची खुंटी उचकटली. मी चौकटीतून सुटले आणि आडवे झाले. जन्मापासून उभे असलेल्याला आडवे केले की कसे वाटते, ते सांगता येणार नाही. माझ्या जागी उजेडाचे एक मोठे भोक पडले होते आणि आतली माणसे त्यातून रस्त्याकडे पाहत होती.

जिना चढताना काही वाटले नाही. वर खोलीत ती बाई जमिनीवर पडली होती. अंग तव्यासारखे तापलेले, ओठ दाताखाली. मला तिच्या शेजारी टेकवून त्यांनी तिला चादरीसकट माझ्यावर सरकवले आणि दोन चादरींनी बांधले. उतरताना मुकादम आणि मावशी खालच्या बाजूला, कारण ती दोघे उंच. सिस्टर आणि कोळशेवाला वर. जिन्याच्या वळणावर मला तिरके करावे लागले. ती बाई घसरून एका अंगावर आली आणि तिने माझी कड पकडली. तिची नखे माझ्यात रुतली. ती ओरडली नाही. शेजाऱ्यांच्या दारांमागे तिला माणसांची चाहूल लागत होती.

"अजून थोडं," सिस्टर वरून म्हणत होत्या. "माझ्याकडे बघ, खाली नको बघू. अजून थोडं."

आम्ही रस्त्यावर पाय ठेवला आणि भोंगा झाला.

ते तयारच होते. गल्लीच्या तोंडाशी माणसे उभी होती आणि गोदामाकडे येत होती. पाववाल्याच्या हातात रॉकेलचा डबा. त्यांनी आधी गोदामाची मोकळी चौकट पाहिली आणि मग आम्हाला. सगळे जागच्या जागी थबकले. सिस्टरांची बाजू बुटकी पडत होती, म्हणून त्यांनी माझा कोपरा खांद्यावर घेतला होता. त्यांची मान वाकडी झाली होती.

"मुकादम," पाववाला म्हणाला, "कोणाला नेताय?"

मुकादमाचे हात गुंतलेले होते. तोंड लपवायला जागा नव्हती.

"माझी बायको आहे."

"काय झालंय तिला?"

बाळंतपण आहे, एवढेच सांगून त्याला सुटता आले असते.

"ताप आहे," तो म्हणाला. "पुरळ आलंय. आणि पोट दुखतंय."

माणसे मागे सरकली. कोणीतरी म्हणाले, "तुझाच नियम आहे. गल्लीबाहेर." दुसरे कोणी म्हणाले, "काल आमच्या भावाला काढताना तू काय म्हणाला होतास?" मुकादम मान खाली घालून चालत राहिला. सिस्टर म्हणाल्या, "आमच्या घराला आता दार राहिलेलं नाही. तुम्हाला कोणी अडवणार नाही. पण आधी आम्हाला जाऊ द्या."

तेवढ्यात मागून एक दगड आला. तो कोणाला लागावा म्हणून मारला होता, देव जाणे. तो कोळशेवाल्याच्या खांद्याला लागला. त्याचा गुडघा वाकला, हात सुटला, आणि माझा कोपरा खाली गेला. बांधलेल्या चादरीची गाठ सरकली. ती बाई डोक्याच्या बाजूने रस्त्याकडे घसरू लागली. सिस्टर एकट्या ते पेलू शकत नव्हत्या. त्या खाली बसत चालल्या होत्या.

पाववाला सगळ्यात जवळ होता. त्याच्या हातातला डबा रस्त्यावर पडला आणि त्याचे दोन्ही हात माझ्या कोपऱ्याखाली आले.

रॉकेल गटाराच्या लाल पाण्यात वाहत गेले. पाववाला माझा कोपरा धरून उभा होता आणि स्वतःच्या हातांकडे पाहत होता. त्या बाईचे डोके त्याच्या मनगटावर टेकले होते. टाकावे तर बाई पडते, धरावे तर ताप लागतो. मला वाटले, आता हा सोडणार.

"चला लवकर," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "जड आहे."

आम्ही आत गेलो. मला दोन पेट्यांवर ठेवले, भोवती चादर धरली. पुढे जे झाले ते माझ्यावरच झाले, पण ते सांगण्याचे हे ठिकाण नाही. एवढेच सांगते, की सिस्टरांना गणित येत होते आणि मावशीला बाळंतपण, म्हणून हुकूम मावशीचे चालले. बाहेर माणसे तशीच उभी होती. चौकटीतून कोणीही पाय टाकला असता. कोणी टाकला नाही, आणि कोणी गेलेही नाही. मग बाळ रडले. ते बाहेरपर्यंत ऐकू गेले.

सिस्टर बाह्या सावरत चौकटीत येऊन उभ्या राहिल्या. त्यांना उभे राहवत नव्हते, पण धरायला मी तिथे नव्हते.

"मुलगी झाली," त्या म्हणाल्या. "आईचं अजून सांगता येत नाही. वारा फार आत येतोय. कोणाकडे जाडसं पांघरूण असेल तर हवं आहे."

हळूहळू माणसे पांगली. बऱ्याच वेळाने एक म्हातारी रजई घेऊन आली. लांबूनच ती आत फेकली आणि लगबगीने निघून गेली. ती रजई माझ्या जागी चौकटीवर टांगली गेली.

पाववाला भिंतीशी बसून होता. मावशी म्हणाली, "तुम्ही घरी नाही गेलात?"

"मी तापकऱ्याला हात लावलाय. मला आता गल्लीत कोण घेणार?"

"मग बसून काय करताय? पीठ आहे, मळायला घ्या."

त्याने बाह्या वर केल्या.

मित्रांनो, मुकादमाची बायको वाचली. ताप उतरायला फार दिवस गेले, पण ती उठली. कोळशेवाला वाचला नाही. त्या संध्याकाळी तो भिंत धरत धरत स्वतःच आत आला होता, पेटीवर आडवा झाला होता आणि म्हणाला होता, की नुसते दमायला झाले आहे. त्याचा ताप उलटला. तीन-चार दिवसांत तो गेला. त्याला धुऊन माझ्यावरच ठेवले. सिस्टर त्याच्या पायाशी बसल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिले नव्हते.

"मी त्याला येशील का विचारलं," त्या मावशीला म्हणाल्या. "तो मला नाही म्हणणार नव्हता. म्हणूनच मी विचारायला नको होतं."

"तुम्ही विचारलं नसतं तर त्या मायलेकी गेल्या असत्या," मावशी म्हणाली.

"हो. तेही खरं आहे. पण त्याने हे काही हलकं होत नाही."

आणखी एक गोष्ट त्यांना छळत राहिली. त्याचे नाव विचारायचे राहून गेले होते. पुढे त्या जन्मभर रोजच्या प्रार्थनेत त्याच्यासाठी मागणे मागत, आणि नावाच्या जागी म्हणत, "तो कोळशेवाला, प्रभू, तुला माहीत आहे." हे मी स्वतः ऐकले आहे.

तो सगळा हिवाळा मी चौकटीत परत गेले नाही. माझ्यावरून लोकांना आणले, माझ्यावर ठेवले, माझ्यावर पाव कापले. दगड अधूनमधून येतच राहिले, पण रॉकेल कोणी आणले नाही. मुकादम रोज कामावरून सुटला की पाणी भरायला येई. बोलत नसे. पाण्याची बादली ठेवी, एकदा बायकोकडे पाही, आणि जाई. गल्लीबाहेर काढायचा नियम कोणी मोडला, ते मला माहीत नाही. पण उन्हाळ्यापर्यंत तो कोणी पाळेनासे झाले.

ताप ओसरल्यावर मला पुन्हा बिजागऱ्यांवर चढवले. सिस्टरांनी एवढेच केले, की अडसर काढून मावशीला दिला. तिने त्याची कपडे वाळत घालायची दांडी केली.

वर्षे गेली. गोदामाच्या जागी आजाऱ्यांसाठी दगडी इमारत झाली, तिला मोठे फाटक आले. मदरांनी स्वतः येऊन सिस्टरांना आशीर्वाद दिला आणि कॉन्व्हेंटमधल्या आणखी मुली त्यांच्या कामाला पाठवल्या. मला आता कोणी विचारीना. माळ्याने मला उचलून मागच्या अंगणात गटारावर आडवे टाकले. माझ्यावरून ढकलगाड्या गेल्या, पाऊस गेला. खालच्या फळीत वाळवी शिरली. याच काळात सिस्टर वारल्या. त्यांची शवपेटी माझ्या अंगावरूनच बाहेर नेली. नेणाऱ्यांना ते माहीत नव्हते. फार हलकी पेटी होती.

पुढे पुष्कळ वर्षांनी दूरच्या शहरातून एक फादर आले. सिस्टरांना संत म्हणावे की नाही, याची चौकशी करायला धर्मसभेने त्यांना पाठवले होते. त्या वेळी एका प्रौढ परिचारिकेने मला गटारावरून उचलून घेतले, घासले, पुसले. माझ्यावर जन्मलेली मुलगी ती. तिला आईने माझी खूण सांगितली होती. फादरांनी मला पाहिले, घावांवर बोट फिरवले आणि ज्यांनी तो दिवस पाहिला होता त्यांना बोलावले. फार कोणी उरले नव्हते. पाववाला उरला होता. त्याला खुर्चीत बसवून आणले. ऐकू कमी यायचे, आवाज मात्र अजून भट्टीसारखाच.

फादरांनी आदराने विचारले, "त्या क्षणी तुमच्या मनात बदल घडला, तो चमत्कार होता असं तुम्हाला वाटतं का? सिस्टरांनी तुमच्याकडे पाहिलं होतं? काही बोलल्या होत्या?"

"नाही फादर," पाववाला म्हणाला. "त्यांचं तोंड दुसरीकडे होतं. माझ्या मनात तर काहीच घडलं नव्हतं. कोपरा खाली चालला होता, म्हणून धरला."

"आणि मग?"

"मग सोडता येईना."

फादरांनी लेखणी खाली ठेवली.

सिस्टर संत झाल्या. माझ्या वाळवीवर औषध मारले, मला तेल लावले, आणि या काचेमागे उभे केले. माझी काळजी आता उत्तम घेतली जाते. ऊन लागू नये म्हणून खिडकीला पडदा आहे, आणि रोज सकाळी एक बाई मऊ फडक्याने काच पुसते. मी त्यांची आभारी आहे. पण मित्रांनो, मी लाकूड आहे, आणि मला कितीही जपले तरी एक दिवस संपणारच. तेवढे जपणे तुम्ही माणसांसाठी ठेवा. ते करायला संत असावे लागत नाही. मन तयार असावे लागते असेही नाही. तुमच्या जवळपास कोणाचा तरी कोपरा खाली जाताना दिसेल. तुमच्या हातात काय आहे, तुम्ही कोणाच्या बाजूने आला आहात, हे तेव्हा आठवत बसू नका. आधी धरा.